नववी ‘ब’च्या वह्या

सुनंदा,

परवा शाळेत तुझी शोकसभा झाली. हॉलमध्ये तुझा फोटो, त्याला झेंडूचा हार, खुर्च्यांवर आपले शिक्षक, खाली सतरंजीवर मुलं. मुख्याध्यापकांनी तुझी जन्मतारीख, पदव्या, सेवेची वर्षं कागदावरून वाचून दाखवली. मग म्हणाले, पर्यवेक्षक मॅडम त्यांच्या जवळच्या मैत्रीण, त्या दोन शब्द बोलतील. मी उठले आणि तुझ्या अक्षराबद्दल बोलले. फळ्यावर तुझी ओळ कधी वर चढली नाही की खाली उतरली नाही, असलं काहीतरी. मुलांनी टाळ्यांसाठी हात उचलले, कुणीतरी डोळे वटारले तसे खाली ठेवले. मी पाच मिनिटं बोलले असेन. त्यात तुझ्या-माझ्यातलं एक वाक्य नव्हतं.

म्हणून हे लिहायला बसले. लिहायची सवय तुला होती. माझा जन्म गणितं तपासण्यात गेला. बरोबरची खूण किंवा फुली, तिसरं काही येत नाही. तुला हे माहीत होतं आणि त्यावरून तू मला चिडवायचीस.

मी शाळेत लागले तेव्हाची गोष्ट आधी सांगते, कारण नंतर जे लिहिणार आहे त्यात ती हरवून जाईल. मी रानातून आलेली. बोलताना ‘लई’ यायचं, ‘नाय’ यायचं, आणि स्टाफरूममध्ये दोघी-तिघी तोंडाला पदर लावायच्या. तू उस्मानपुऱ्यातली, आजोबा निजामाच्या कचेरीत कारकून, घरात पुस्तकांचं कपाट. एकदा मधल्या सुट्टीत सगळ्यांदेखत म्हणालीस, “शकू, तू खुशाल लई म्हण. गणित बरोबर सोडव म्हणजे झालं.” त्या दिवसापासून आपला डबा एक झाला आणि जायची-यायची रिक्षाही. वर्गसाहित्याचं कपाटही दोघींत एकच घेतलं. त्याच्या दोन किल्ल्या होत्या, एक तुझ्याकडं, एक माझ्याकडं.

नंतर ती दुष्काळाची वर्षं आली. तेव्हा गावाच्या पाटीवर अजून औरंगाबाद होतं. जायकवाडी तळाला गेलेलं आणि शहर मात्र चारी अंगांनी वाढत चाललेलं. शाळेमागं माझ्या बापाचं रान होतं, तिथं वीस बाय तीसचे प्लॉट पडले, पत्र्याची घरं उठली, मग सिमेंटची. माणसं आली, पाणी आलं नाही. आठवड्यानं यायचं ते दहा दिवसांवर गेलं. पाण्याच्या दिवशी आपल्या हजेरीपटावर निम्म्या रेघा लाल असायच्या, त्यातही मुलींच्या जास्त. तू कधी कुणाला रागावली नाहीस. तास पुन्हा घ्यायचीस.

माझा धाकटा भाऊ भगवान त्या भागाचा व्हॉल्व्हमन होता, ठेकेदाराकडून लागलेला. खांद्यावर लोखंडाची लांब चावी घेऊन गल्लोगल्ली हिंडायचा. रस्त्यातल्या चेंबरमध्ये ती उतरवून फिरवली की त्या ओळीच्या नळांना पाणी. कुणाला किती वेळ सोडायचं हे वरून ठरायचं. शिव्या मात्र चावी ज्याच्या खांद्यावर त्याला. मी त्याला रोज म्हणायचे, सोड ही नोकरी. तो म्हणायचा, “आक्का, पाणी सोडल्यावर बायका हसत्यात बघ. तेवढंच.”

त्या खेपेला दहाव्या दिवसाचं पाणी तेराव्या दिवशीही आलं नव्हतं. भगवान सकाळी अकराच्या सुमारास चावी फिरवायला गेला आणि नळांना नुसती हवा आली. कुणीतरी म्हणालं, यानं पाणी पलीकडच्या इमारतीच्या बांधकामाला दिलं. वीस-पंचवीस माणसं जमली. त्यात बायका होत्या, आणि आपल्या शाळेची पोरंही होती. एकानं कॉलर धरली, मग सगळ्यांनी हात धुऊन घेतले. जड काहीतरी खांद्यावर आणि कानावर बसलं. लोक म्हणाले, दगड. एक पोरगा फोनवर हे काढत होता, पण त्यात मारणाऱ्याची पाठ तेवढी दिसत होती. चावी कुठं गेली ते कुणाला कळलं नाही. पोलिसांनी अज्ञात लोकांवर गुन्हा नोंदवला आणि साक्षीदार शोधायला सुरुवात केली. त्या गल्लीत तेव्हा कुणी घरीच नव्हतं म्हणे.

मी तीन आठवडे रजेवर होते. घाटी दवाखान्यात भगवानच्या उशाशी. तू अकरा दिवस डबा आणलास, रोज, शाळा सुटल्यावर दोन रिक्षा बदलून. बसायचीस, त्याच्या चांगल्या कानाशी वाकून काहीतरी बोलायचीस. मी तेव्हा औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन खाली-वर करत असायचे. तुम्ही दोघं काय बोलत होतात ते मी कधी विचारलं नाही.

शाळेत काय चाललंय ते मला ठाऊक नव्हतं. शिपाईमामांनी नंतर सांगितलं. मधल्या सुट्टीत मैदानावर पोरं खेळत होती, एक जण पालथा पडला होता आणि बाकीचे लाथा घालत हसत होते. तू विचारलंस, हा कुठला खेळ? एक म्हणाला, व्हॉल्व्हमन-व्हॉल्व्हमन. तू कुणाला मारलं नाहीस, कुणाच्या आईबापाला बोलावलं नाहीस. पुढच्या तासाला नववी ‘ब’मध्ये गेलीस, पुस्तक मिटलंस आणि फळ्यावर लिहिलंस: त्या दिवशी तिथं कोण कोण होतं?

मुलांनी नावं घ्यायला सुरुवात केली. तू म्हणालीस, नावं नकोत, माणसं सांगा. मग यादी झाली. व्हॉल्व्हमन. पहिला हात उचलणारा. ज्याचा फटका बसला तो. रिकामा ड्रम घेऊन उभी असलेली बाई. शटर खाली ओढणारा किराणावाला. व्हिडिओ काढणारा. जखमीला रिक्षात न घेणारा रिक्षावाला. घरात झोपलेला रात्रपाळीचा कामगार. दुसऱ्या दिवशी तू चिठ्ठ्या केल्यास, खडूच्या खोक्यात टाकल्यास आणि प्रत्येकाला एक उचलायला लावलीस. ज्याला जी चिठ्ठी त्यानं त्या माणसाची गोष्ट ‘मी’ म्हणून लिहायची. चांगला, वाईट हे शब्द वापरायचे नाहीत. सकाळी उठल्यापासूनचं लिहायचं. “त्यानं सकाळी काय खाल्लं ते लिहा,” तू सांगितलंस, “मारणाऱ्यानं आणि मार खाणाऱ्यानंही.” आणि एक शब्द दिलास: जे लिहाल ते या चार भिंतींच्या बाहेर जाणार नाही. वह्या आपल्या कपाटात ठेवल्यास, कुलपात.

मी रजेवरून आले आणि गणिताच्या वह्यांचा गठ्ठा तपासायला घेतला. एका पोरानं मागच्या पानावर कच्चं लिहिलेलं होतं. ‘मी व्हॉल्व्हमन आहे. माझी बहीण शाळेत मॅडम आहे. ती मला रोज नोकरी सोड म्हणते. आज तिनं डब्यात वांग्याची भाजी दिली, ती मला खायला मिळणार नाही हे मला माहीत नाही.’ मी ते पान किती वेळ बघत बसले होते कोण जाणे. त्या दिवशी खरोखर मी त्याला डबा दिला होता. भेंडी होती.

तुला मी वर्गाबाहेर गाठलं. म्हटलं, माझ्या भावावर तू निबंध लिहून घेतेस?

“त्याच्यावर नाही, शकू. त्याच्या जागी बसून.”

मी विचारलं, आणि मारणाऱ्याच्या? तू म्हणालीस, त्याच्याही. मग मी ते बोलले, जे इतक्या वर्षांत परत घेता आलं नाही. म्हटलं, “गच्चीवरची टाकी भरलेली असली ना, की सगळ्यांच्या बाजू दिसतात.” तू रागावली असतीस तर बरं झालं असतं. तू पदराला हातावरचा खडू पुसलास आणि म्हणालीस, आपली निम्मी पोरं त्या गर्दीत होती, त्यांना आता कुणी शिकवायचं, पोलिसांनी की आपण? पण त्याआधी मी तुला विचारलं होतं त्याचं उत्तर तू दिलं नाहीस. मी विचारलं होतं, भगवानला विचारलंस का? तू नुसतीच गप्प राहिलीस. मी त्या गप्प राहण्याचा अर्थ ‘नाही’ असा घेतला.

तरी तू मला वर्गात बोलावलंस. म्हणालीस, शुक्रवारी मुलं वाचून दाखवणार आहेत, एकदा ऐक आणि मग बोल. मी गेले. खोटं कशाला, चुका काढायला गेले. मागच्या बाकावर बसले.

आणि सुनंदा, ते चांगलं होतं. हे मी तुला कधी म्हटलं नाही, आज म्हणते. जो पोरगा मैदानावर सगळ्यांत जोरात हसला होता त्याला व्हिडिओ काढणाऱ्याची चिठ्ठी आली होती. त्यानं लिहिलं होतं, ‘माझा हात दुखायला लागला तरी मी फोन खाली घेतला नाही.’ एवढं वाचून तो थांबला, त्याला पुढं वाचता येईना. ड्रमवाल्या बाईची गोष्ट एका पोरानं लिहिली होती, आणि त्यात तेरा दिवस अंगावरचे कपडे न धुतलेल्या लेकीची लाज होती. मी बावीस वर्षं शिकवत होते, चाळीस पोरं इतकी गप्प मी परीक्षेतही पाहिली नव्हती.

मग दीपाली उठली. दुसऱ्या बाकावरची, दोन वेण्यांची, गणितात कच्ची. तिला ‘ज्याचा फटका बसला तो’ ही चिठ्ठी आली होती. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि वाचायला लागली. ‘मी सकाळी काही खाल्लं नाही. घरात पीठ होतं, मळायला पाणी नव्हतं.’ पुढं गर्दी, आरडाओरडा. आणि पुढं असं, की त्यानं दगड उचललाच नाही. त्यानं व्हॉल्व्हमनच्या हातातली चावी हिसकावली. ‘चावी गार होती. ती माझ्या हातात आल्यावर मला वाटलं, आता पाणी माझं आहे.’ मारून झाल्यावर तो पळाला आणि चावी शेजारच्या बांधकामाच्या वाळूच्या ढिगात खोल खुपसली, मग हात धुवायला पाणी नव्हतं म्हणून वाळूनंच पुसले.

चावीनं मारल्याचं तोवर कुणीच बोललं नव्हतं. डॉक्टर एवढंच म्हणाले होते की घाव दगडाचा वाटत नाही. मी दीपालीकडं पाहत राहिले आणि मला कळलं की ही गोष्ट तिनं रचलेली नाही. तिनं ती दारातून पाहिली होती. ते कोरडं पीठ तिच्याच घरातलं होतं, आणि तो ‘मी’ तिचा बाप होता.

तास सुटल्यावर मी तुझा हात धरला. तुलाही कळलं होतं. मी वही मागितली. तू म्हणालीस, मी पोरांना शब्द दिलाय. मी म्हटलं, माझ्या भावाचा एक कान गेला, हात खांद्यावर जात नाही, आणि तू शब्दाचं काय सांगतेस?

“तिनं ते आपल्याला सांगितलंय, पोलिसांना नाही,” तू म्हणालीस. “मला थोडा वेळ दे. मी तिच्याशी बोलते, तिच्या आईशी बोलते. ती स्वतः सांगायला तयार झाली तर मी तिच्याबरोबर येईन.”

मी तुला वेळ दिला नाही. शनिवारी शाळा लवकर सुटली. सगळे गेल्यावर मी माझ्याकडच्या किल्लीनं कपाट उघडलं, दीपालीची वही काढली आणि चौकीत नेली.

साहेबांनी उभ्याउभ्या चाळली. म्हणाले, मॅडम, ही तर गोष्ट आहे, हिच्यावर पंचनामा कसा करू? मी वाळूच्या ढिगाचं पान काढून दिलं. त्यांनी एक माणूस पाठवला. बांधकाम तोवर प्लास्टरपर्यंत आलं होतं, वाळू भिंतींत गेली होती. ढीग नव्हता, चावी नव्हती. पण तो माणूस जाताजाता दीपालीच्या घरी थांबला आणि बापाला म्हणाला, तुझ्या पोरीनं वहीत लई लिहून ठेवलंय रे, जरा बघ. एवढंच. पुढं ना चौकशी झाली ना काही. वही मला परत मिळाली आणि सोमवारी शाळा भरायच्या आत मी ती कपाटात ठेवली.

दीपालीची जागा त्या दिवशी रिकामी होती. बुधवारी कळलं की बापानं तिचं नाव काढायचा अर्ज दिलाय आणि तिला अजिंठ्याकडं मामाच्या गावी धाडलंय. गुरुवारी सहा-सात पालक मुख्याध्यापकांच्या खोलीत आले. आमच्या पोरांकडून तुम्ही आमच्याविरुद्ध लिहून घेता काय, म्हणत होते. मी तिथंच होते, भिंतीला टेकून. मुख्याध्यापकांनी विचारलं, वही बाहेर गेली कशी?

तू म्हणालीस, “कपाट उघडं राहिलं. माझी चूक.”

तू माझ्याकडं पाहिलंही नाहीस. मी तोंड उघडलं नाही. तुला मेमो मिळाला, नववी ‘ब’च्या चाळीस वह्या ऑफिसात जमा झाल्या आणि उन्हाळ्यात रद्दीत गेल्या. त्या वर्षी पर्यवेक्षकपद तुला मिळायचं होतं. मेमोमुळं ते गेलं आणि तुझ्या खालचं नाव माझं होतं. परवा ज्या पदावरून मला बोलायला उठवलं ते हेच.

एकदाच तू विषय काढलास. स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं. मी कपाटाची किल्ली तुझ्यापुढं ठेवली, म्हटलं, आता दोन कशाला. तू ती माझ्याकडं परत सरकवलीस. “राहू दे तुझ्याकडं, शकू,” म्हणालीस. तेव्हा मला कळलं की तुला माहीत आहे. त्यानंतर आपण वेळापत्रकाबद्दल बोललो, पेपर तपासणीबद्दल, कुणाच्या लग्नाच्या आहेराबद्दल. रिक्षा वेगळ्या झाल्या. मी स्वतःला सांगत राहिले की तूच आधी चुकलीस. माझ्या भावाला न विचारता तू त्याचं दुःख चाळीस पोरांत वाटून टाकलंस. त्या एका रागावर मी इतकी वर्षं काढली.

तो रागही आता राहिला नाही. तू गेल्याचं सांगायला मी भगवानकडं गेले. तो आपल्याच शहराच्या कडेला, सातारा परिसरात एका अपार्टमेंटचा वॉचमन आहे, तुला माहीतच आहे. टँकर आला की वर लोकांना फोन करून सांगायचं, हे त्याचं मुख्य काम. ऐकून तो खुर्चीवर बसला. म्हणाला, ताई म्हैन्याला येत व्हत्या. मी म्हटलं, कोण ताई? त्याला वाटलं मला ठाऊक आहे.

मग त्यानं सांगितलं. तू घाटीतच, पहिल्याच आठवड्यात त्याला विचारलं होतंस, मुलांकडून असं लिहून घेऊ का म्हणून. “म्या म्हणलं, लिहू द्या की पोरांला. फक्त आक्काला सांगू नका, ती भडकंल.” तू त्याचा तो शब्दही पाळलास. मला ‘हो’ म्हणाली असतीस तर आपलं भांडण तिथंच संपलं असतं.

मी विचारलं, तुला मारणारा कोण होता ते माहीत होतं? तो माझ्याकडं, लहान पोरीकडं पाहावं तसं, पाहत होता.

“तोंडासमोर व्हता माणूस, आक्का. मी का आंधळा व्हतो?”

मग सांगितलं का नाहीस?

“परत त्याच गल्लीत चावी फिरवायला जायचं व्हतं मला,” तो म्हणाला. “तवा वाटत व्हतं, जाईन म्हणून.”

मी बसची वाट न बघता चालत निघाले. चौकीत ज्या नावासाठी मी वही नेली ते नाव माझ्या घरातच होतं. मी त्याला कधी नीट विचारलंच नव्हतं. पोरांच्या वहीतून त्याच्या मनातलं वाचून चिडले, पण त्याच्या खाटेवर बसून एकदा विचारलं नाही.

तुझ्यावरही मी चिडले आहे, सुनंदा. तू गेलीस म्हणून ते मिटत नाही. सगळ्यांचं झाकत बसायची तुझी रीत मला तेव्हाही पटली नव्हती. भगवानचं माझ्यापासून झाकलंस, माझं शाळेपासून. तू मला एकदा तोंडावर चोर म्हणायला हवं होतंस. मी रडले असते, भांडले असते, पण कदाचित त्या पोरीसाठी तुझ्याबरोबर एसटीत बसले असते. तू तिच्या मामाच्या गावी तीनदा गेलीस, हेही मला तुझ्या यजमानांनी, विनायकरावांनी आत्ता सांगितलं. तिसऱ्या खेपेला तिचा दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून आलीस. त्याच वर्षी तू मला विचारलं होतंस, “एका मुलीला रविवारी गणित शिकवशील का?” मी म्हटलं होतं, मी शिकवण्या घेत नाही. कोणती मुलगी, एवढंसुद्धा विचारलं नाही.

तुझ्या शेवटच्या दुखण्यात मी दवाखान्यात दोनदा आले. दुसऱ्यांदा आले ती वहीचं सांगायचं ठरवून. रिक्षात वाक्यही जुळवलं होतं. तुझा आवाज खोल गेला होता. खुर्ची ओढली आणि मी तुला बोर्डाच्या परीक्षेचं वेळापत्रक सांगायला लागले, कोणता पेपर कधी, पर्यवेक्षणाला कोण. तू ऐकून घेतलंस. मग विचारलंस, “दीपाली आली का?”

मी म्हणाले, कोण दीपाली?

तू डोळे मिटून घेतलेस. मी आणखी दहा मिनिटं बसले आणि निघाले. आपलं शेवटचं बोलणं ते.

काल तुझं तेरावं झालं. जेवणं आटोपत आली होती. मी हात धुवून उस्मानपुऱ्याच्या तुमच्या घराच्या पायऱ्यांवर उभी होते, तर फाटकातून एक बाई आली. सडसडीत, गळ्यात वाळूजच्या कुठल्याशा कंपनीचं कार्ड, हातात पिशवी. मला पाहून थबकली.

“गणिताच्या मॅडम ना?”

वेण्या नव्हत्या, तरी मी ओळखलं. ती म्हणाली, वर्गातल्या एकीचा मेसेज आला म्हणून कळलं, पाळी सुटल्यावर सरळ आले. मी विचारलं, कशी आहेस. म्हणाली, पॅकिंगला आहे, बरं चाललंय. फॉर्म भरला होता मॅडमनी, परीक्षेला बसले, गणितात गेले. पुन्हा बसले, पुन्हा गणितात. मग लग्न झालं. हे सगळं ती तक्रार केल्यासारखं नाही, पत्ता सांगितल्यासारखं सांगत होती.

मग तुझ्या दाराकडं बघत म्हणाली, “यावं का नाय, लई इचार केला. मॅडमनी माझी वही पोलिसांत दिली व्हती.”

तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

“मामाच्या गावाला आल्या तवा म्या तोंडावर इचारलं. म्हणाल्या, व्हय, माझ्याकडूनच गेली. फॉर्म घेतला त्यांच्याकडून, पण बोलले नाय कधी. आता दवाखान्यातून दोनदा निरोप आला, येऊन जा म्हणून. म्हणलं, नाय जायचं.”

माझ्याजवळ तिथंही वाट होती, सुनंदा. मान हलवायची, गेलं ते गेलं म्हणायचं, तिला आत नेऊन ताट वाढायचं. तू माझ्यासाठी ती वाट तयारच करून गेली होतीस. मी जिन्याचा कठडा धरला.

“त्यांनी नाही दिली,” मी म्हणाले. “कपाटातून मी काढली. मी नेली चौकीत.”

आतून भांड्यांचा आवाज येत होता. मी म्हटलं, तो माझा भाऊ होता.

“ते मला म्हाईत व्हतं,” ती म्हणाली. “म्हणून तर तुम्ही मागं बसला व्हता तवा वाचलं. तुम्हाला कळावं म्हणून.” मग म्हणाली, “तुम्हाला. पोलिसांला नाय.”

तुझं तेच वाक्य होतं, अगदी तेच, आणि तू ते तिला शिकवलेलं नव्हतं.

मला वाटलं ती ओरडेल. ती पायरीवर बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि पुटपुटल्यासारखं म्हणाली, “मग मी त्यांना भेटायला का नाय गेले.” हे ती मला विचारत नव्हती. दोनदा म्हणाली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला वाकले तर तिनं खांदा काढून घेतला. मग उठली, चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला. तुझा फोटो कुठल्या खोलीत आहे विचारलं. मी सांगितलं आणि पुढं होऊन दार ढकलायला लागले.

“तुम्ही बाहेरच थांबा, मॅडम,” ती म्हणाली.

ती आत गेली. मी थांबले.